चार नंबरवर कोण बसलं?

वकारचा डबा घेऊन महनूर बाराच्या सुमाराला कॅफेवर जायची. वकार, म्हणजे तिचा थोरला भाऊ, डबा खायचा, नमाज पढायचा आणि घरी जाऊन तास-दोन तास पाठ टेकायचा. तोवर दुकान हिनं सांभाळायचं. सांभाळायचं म्हणजे काय, नुसती राखण. २००९ सालचा एप्रिल, नांदुऱ्याचं ऊन, आणि बारा ते चार लाइट नाही. कुत्रंसुद्धा स्टेशन रोड ओलांडत नव्हतं, तिथं इंटरनेटला कोण मरायला येतंय?

दुकान म्हणजे एक गाळा, चार कॉम्प्युटर, मधे प्लायवूडचे आडोसे, कोपऱ्यात पाण्याचा माठ आणि दाराशी एक रजिस्टर. आलेल्या माणसानं त्यात नाव, वेळ, मशीनचा नंबर लिहून सही करायची. सही येत नसेल त्यानं शेजारच्या पॅडवर अंगठा दाबायचा. लाइट गेली की इन्व्हर्टरवर एक पंखा, मोडेम आणि एक नंबरचं मशीन एवढंच चालायचं. बाकी तिन्ही गार. शटर अर्धं खाली ओढलं की भर दुपारी आत इतका अंधार व्हायचा, की चार नंबरचा कोपरा दिसायचाच नाही.

अशाच एका दुपारी डब्याखालच्या जुन्या पुरवणीत तिला तो लेख सापडला. ब्लॉग सुरू करा, दहा मिनिटांत. नाव निवडा, रंग निवडा, ओळख लिहा, आणि मुख्य म्हणजे तुम्हालाच माहीत आहे असं काहीतरी लिहा. मराठी टायपिंग ती डीटीपीच्या क्लासला शिकली होती, आणि दहा मिनिटं तर तिच्याकडं उदंड होती.

नाव ठेवलं ‘वेचणी’. कारण वर्षापूर्वीपर्यंत ती अम्मीबरोबर पंजाबरावांच्या वावरात कापूस वेचायला जात होती. पहिल्या पोस्टीत, सगळे नवशिके करतात तसं, ‘नमस्कार मंडळी’ म्हणून हात जोडले. दुसऱ्या पोस्टीत शिरखुर्मा. तिसरीत जिनिंगच्या आवारातल्या कापसाच्या ढिगाचा फोटो, आडवा टाकायचा तो उभा पडला. खाली एक आकडा असतो, किती जण आले ते सांगणारा. तो तीन झाला. तिन्ही वेळा महनूरच होती.

तिला राग आला. स्वतःचाच. तुम्हालाच माहीत असलेलं लिहा, असं त्या लेखात स्वच्छ म्हटलं होतं. शिरखुर्मा काय जगाला माहीत नाही? तिला जे माहीत होतं ते दुसरंच होतं, आणि ते ती सात महिने गिळून बसली होती.

तिला कोकिळामावशी माहीत होती.

कोकिळा त्यांच्या गावातली शेजारीण. डावरी, हसरी, वेचायला लागली की दोन ओळी पुढं. बीटी बियाण्याच्या पाकिटावर अळी लागणार नाही म्हणून लिहिलेलं होतं, आणि अळी कमी झालीही. पण गेल्या साली कपाशीच्या पराटीवर पिठासारखी पांढरी कीड चढली, तिनं काही ते पाकीट वाचलेलं नव्हतं. मग दर आठ दिवसांनी फवारणी. पंप पाठीवर घेणार गडी, आणि ड्रममध्ये औषध कालवून देणार बाया. कशानं कालवणार? काठी सापडली तर काठीनं, नाहीतर हातानं. पोळा होऊन आठवडा झाला असेल, वारा पडला होता, आणि कोकिळा पंजाबरावांच्या वावरात ड्रमपाशीच कोसळली ती कोसळली.

कागदावर मात्र ती घरच्या भांडणापायी औषध प्यायली. पंजाबरावांनीच तसा कागद करवून घेतला. त्यांची पन्नास एकर जमीन होती, आणि पन्नास एकरांचं म्हणणं खोटं कसं असेल? बिचाऱ्या नवऱ्याला जो तो विचारायचा, अरे, घरात असं केलंस तरी काय. तो गाव सोडून गेला. माहेरच्यांनी तिचं नाव टाकलं. बाई मेली ती मेलीच, वर बदनाम झाली.

महनूरनं त्या दुपारी हे सगळं लिहिलं. पंजाबरावांचं नाव घालावं की न घालावं म्हणून पाच मिनिटं बोट अधांतरी राहिलं, मग घातलंच. शेवटी लिहिलं, ‘ती प्यायली नाही. माझ्याकडे पुरावा नाही, पण मला माहीत आहे.’ आणि बटण दाबलं.

बाहेर मालगाडी खडखडत गेली. ती गेल्यावर आत जी शांतता पडली, तिच्यात महनूरला कुठूनसा की-बोर्डच्या कळांचा आवाज ऐकू आला. टक्... टक्. एका बोटानं, शोधून शोधून कोणी टाइप करावं तसा. तिनं पंख्याकडं पाहिलं. पंखा गुमान फिरत होता.

पोस्टीखाली पहिली प्रतिक्रिया उमटली. नावाच्या जागी ‘अनामिक’, वेळ दोन वाजून दहा मिनिटं.

‘लेकी बांगड्याचं राह्यलं. हातातल्या काढून बोरीच्या फांदीले बांधल्या होत्या. अख्तरीबाईले इचार.’

अख्तरी म्हणजे तिची अम्मी.

ती उठली. कोपऱ्याकडं जाताना पहिल्यांदा वास आला. गोडसर, जड, घशाला चिकटणारा. वावरात लहानपणापासून हुंगलेला, पण इथं दुकानात त्याचं काय काम? चार नंबरचा स्क्रीन काळाठिक्कर होता. खुर्ची मात्र मागं ओढलेली होती, जशी आत्ताच कोणी उठून गेल्यावर असते. की-बोर्डवर बोटं फिरवली तर कळा चिकट लागल्या, आणि दोन कळांच्या फटीत कापसाचा एक तंतू अडकला होता. तिनं रजिस्टर पाहिलं. वेळेच्या रकान्यात काही नाही, नावाच्या रकान्यात काही नाही. मशीनच्या रकान्यात चारचा आकडा, आणि सहीच्या जागी निळा अंगठा. त्याच्या मधोमध एक आडवी रेघ गेली होती, शाई न लागलेली, पांढरी.

भीती वाटली का? वाटली. पण तिनं रजिस्टर मिटलं नाही. काखेत मारलं आणि संध्याकाळी घरी नेलं.

अख्तरी चुलीपाशी भाकरी थापत होती. बांगड्यांचं नाव काढताच तिचा हात परातीतच थांबला.

“तुले कोनं सांगतलं?”

महनूरनं रजिस्टर उघडून पुढं धरलं. अख्तरीला अक्षर कळत नव्हतं. अंगठे कळत होते. त्या पांढऱ्या रेघेवर तिनं पिठाचं बोट ठेवलं. तव्यावरची भाकरी करपून धूर झाला तरी तिला भान नव्हतं.

मग बोलली. डावरी होती कोकिळा, म्हणून विळा लागला तो उजव्या अंगठ्याला, आणि त्याची चीर कधी भरली नाही. बांगड्या मंगळवारच्या बाजारात भरल्या होत्या, नव्या, हिरव्या. ड्रमच्या काठावर आपटून फुटतील म्हणून तिनं एकेक हातात ठेवली, बाकीच्या चिंधीत बांधून बोरीला अडकवल्या. म्हणाली, अख्तरीबाई, नजर ठेवजा. मरायला निघालेली बाई बांगड्या फुटतील म्हणून जपत नसते, हे अख्तरीला त्याच घडीला कळलं होतं.

कारण ड्रमपाशी दुसरी बाई तीच होती. पंजाबरावांच्या कागदावर साक्षीचा अंगठाही तिचाच होता.

“तुले फसवलं त्यानं,” महनूर म्हणाली. “न वाचता लावाले लावला.”

अख्तरीनं मान हलवली. “नाही वं. वाचून दाखोलं होतं. मले समजलं होतं सगळं.”

“मग काऊन लावला, अम्मी?”

“वकारचा गाळा,” ती म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून रडली.

महनूरला आठवलं. कोकिळा गेल्यावर दोन महिन्यांनी स्टेशन रोडवरचा गाळा पंजाबरावांनी आपण होऊन वकारला दिला होता. केवढे खूश झाले होते सगळे. हा माणूस एकाएकी इतका चांगला कसा झाला, एवढंही कोणी विचारलं नव्हतं. तिला त्या क्षणी आईचा इतका संताप आला, की ती उठून ओट्यावर जाऊन बसली. आणि थोड्या वेळानं आत येऊन करपलेली भाकरी तिनं तव्यावरून काढली, कारण आई ती आईच.

दुसऱ्या दिवशी पंजाबराव स्वतः आले. वाईट बातमीला पाय फुटतात म्हणतात, ते काही खोटं नाही. कोण्या भाच्यानं पुण्याहून फोन करून त्यांना पान वाचून दाखवलं होतं. पांढरं धोतर, हातात छत्री, आवाज अगदी मऊ. त्यांनी आधी पाणी मागितलं, वकारची चौकशी केली, पोरी शिकल्या पाहिजेत असंही म्हणाले.

“फक्त ते एक पान पुसून टाक. उद्या चारले येतो मी पाहाले.”

“खरं आहे ते,” महनूर म्हणाली.

“असंन. पन तुह्या मायचा अंगठा हाये माह्याजवळ. तू लिवलं ते खरं, तं तिचा कागद खोटा. खोट्या कागदापायी आत कोन जाते, मी का तू?” ते उठले. दारात थांबून त्यांनी नाक आक्रसलं. “वास कायचा येऊन राह्यला इथं?”



वकारचं म्हणणं, पुसून टाक, मेल्या बाईपायी जित्यांनी उपाशी मरायचं का. खोटं नव्हतं तेही. महनूरनं अम्मीला काहीच म्हटलं नाही. पण तिसऱ्या दिवशी दुपारी डब्याबरोबर अख्तरी स्वतः आली, अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरली आणि एक नंबरपाशी बसली. म्हणाली, मी सांगते, तू लिव. आणि कोकिळा कशी कोसळली, तोंडातून फेस कसा आला, पंजाबरावांनी बैलगाडीसुद्धा कशी दोन तास दिली नाही, कागद कोणी वाचला, गाळा कधी मिळाला, सगळं एका दमात सांगितलं. महनूरची बोटं पळत होती. संपल्यावर अख्तरीनं अंगठा पुढं केला.

“कुठं लावा लागते?”

“याले अंगठा नाही लागत, अम्मी. नाव लिवलं की झालं.”

“नाव कोनीबी लिवते. झुट्या कागदाले अंगठा देला म्या. खऱ्याले नाही देऊ?”

महनूरला हसू आलं आणि रडूही. तिनं कोऱ्या कागदावर आईचा अंगठा घेतला. आता तो पानावर चढवायचा तर स्कॅनर हवा, आणि स्कॅनर होता फक्त चार नंबरला. चार वाजेपर्यंत लाइट नाही, चारला पंजाबराव. साडेतीन झाले होते.

तेवढ्यात अंधारात हळूच घरघर सुरू झाली.

दोघींनी वळून पाहिलं. चार नंबरचा स्क्रीन उजळत होता. मशीनची वायर भिंतीपासून निघालेली, जमिनीवर लोळत होती. वकारनंच सकाळी झाडताना काढली होती. तो गोडसर वास आता सगळ्या गाळ्यात भरला. खुर्ची आपसूक मागं सरकली... जागा करून द्यावी तशी.

“अम्मी,” महनूर कुजबुजली, “चाल... बाहेर चाल.”

अख्तरी हलली नाही. तिच्या कपाळावर घाम होता, पण आवाज शेजारणीशी बोलावा तसा निघाला.

“आली का वं, कोकिळा... बस. सात महिने उशीर केला म्या. आता नाही करत.”

मग महनूरनं काय केलं असेल? तिथून कोणीही धूम ठोकली असती, मीही ठोकली असती. ती कागद घेऊन कोपऱ्यात गेली. तो काचेवर पालथा घातला, झाकण लावलं, बटण दाबलं. उजेडाची पट्टी सरकत गेली. कागदावर एक अंगठा होता, तिनं स्वतः घेतलेला.

स्क्रीनवर दोन आले. एक अम्मीचा. त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, दुसरा. मधोमध पांढरी रेघ असलेला.

तिनं जसे होते तसे दोन्ही पानावर चढवले.

चारला लाइट आली आणि पाठोपाठ पंजाबराव. महनूरनं एक नंबरचा की-बोर्ड त्यांच्याकडं सरकवला. म्हणाली, मी नाही पुसणार. तुम्हाला पुसायचं असेल तर पुसा, हे बटण. आणि गाळा उद्याच हवा असेल तर उद्या सोडतो.

त्यांनी अख्तरीकडं पाहिलं. तिनं नजर खाली केली नाही; आयुष्यात पहिल्यांदा. मग त्यांनी चष्मा चढवून बटण दाबलं. पान गेलं. दुसऱ्या श्वासाला परत आलं, दोन्ही अंगठ्यांसह. पुन्हा दाबलं. पुन्हा आलं. तिसऱ्यांदा त्यांनी दाबलं नाही. बोट उचललं तर कळेबरोबर चिकट तार निघाली. त्यांनी ते धोतराला पुसलं, हुंगलं, परत पुसलं.

“हात धुवाले पानी दे पोरी,” ते म्हणाले. आवाज मऊ राहिला नव्हता.

माठातलं पाणी संपेपर्यंत त्यांनी हात धुतले. प्रत्येक वेळी हुंगून पाहायचे आणि पुन्हा हात पुढं करायचे. मग छत्री तिथंच विसरून भर उन्हात निघून गेले. अख्तरीला आत घालण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही, गाळा मात्र आठ दिवसांत खाली करवला. कॅफे स्टँडमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला. वकार म्हणाला, निदान ते चार नंबर तरी भंगारात टाकू. महनूर म्हणाली, आधी मला टाक. पान पाहणाऱ्यांचा तो आकडा तोवर दोन हजारांवर गेला होता, आणि एका संध्याकाळी कोकिळाचा नवरा कुठूनसा येऊन ते पान वाचून घेऊन गेला. वाचून झाल्यावर तो माणूस उभ्यानं ढसाढसा रडला. तिच्या माहेरच्यांनी बोरीखाली जाऊन पाहिलं. चिंधी होती, उन्हानं विटलेली. आत दहा बांगड्या, एकही फुटलेली नाही.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या भादव्यात पानावर तिसरा अंगठा दिसला. महनूरनं चढवला नव्हता. तीन दिवसांनी संग्रामपूरकडून बातमी आली, फवारणीच्या वावरात एक बाई गेली. मग चौथा, आणि तीन दिवसांनी देऊळगाव राजाकडचं एक गाव. दोनदा असं झाल्यावर तिला उमगलं, की अंगठा आधी येतो आणि बाई नंतर जाते. मधे तीन दिवस असतात.

दुसरी एखादी पान बंद करून मोकळी झाली असती. महनूरनं पाचवा अंगठा आला तेव्हा तो ताटाएवढा मोठा केला, ब्लॉगच्या माथ्यावर लावला आणि खाली लिहिलं, ‘हा अंगठा कोणाचा आहे ते ओळखा. तिला ड्रमपाशी जाऊ देऊ नका.’ छापून प्रती काढल्या, बसच्या कंडक्टरांकडं गावोगाव दिल्या. लोक हसले. पण मागच्या साली दोन बायांच्या घरच्यांनी अंगठे ओळखले, मजुरी बुडवून त्यांना घरात बसवलं, आणि ते दोन अंगठे पानावरून पुसट होत होत गेले. बाकीचे आहेत. कालपर्यंत ते नऊ होते.

आज सकाळी दहावा आला.

अख्तरीनं पॅड काढून आधी स्वतःचा लावून पाहिला. जुळला नाही. गल्लीतल्या बाया एकेक करून आल्या, त्यांचेही लावून झाले. कोणाचाच नाही. सगळ्या गेल्यावर पॅड उघडंच राहिलं होतं, महनूरचा तेवढा लावायचा राहिला होता, आणि अख्तरी लेकीच्या हाताकडं पाहत होती. आज महनूर छापील प्रती घेऊन स्वतः वावरावावरांतून फिरणार होती, औषधाच्या ड्रमांपाशी.

महनूरनं पॅडचं झाकण लावलं. आधी पोस्ट टाकली, मग बस धरली.